उभ्या गाडीचं पाणी

राधानगरी
४ फेब्रुवारी २०२५

दोस्त सयाजीस,
रफिकचा सलाम, आणि तुझ्या पद्धतीनं रामराम.

दिवाळीनंतर तुझं पत्र न्हाय. मी दोन टाकली. पोस्टमन म्हणतोय, "चाचा, आता कोण पत्र लिवतंय? तुमच्या एकट्यापायी मला ह्या वाटंला यावं लागतंय." मी म्हटलं, "एकट्यापायी न्हवं बाबा. उचगावात आणि एक येडा हाय." फौजेतनं सुटून इतकी वर्सं झाली, पोरांची लग्नं झाली, तुझी शालू गेली, पण आपलं पत्र कवा थांबलं न्हवतं. मग आताच काय झालं?

फोनचा उपयोग न्हाय, तुला ठावं हाय. जन्मभर इंजिनांजवळ कान घालून बसलो, ते कान आता गेले. फोनवर माणूस बोलतोय का भजी तळतोय, मला कळत न्हाय. माझी सून मुबशिरा मोबाईल आपल्या कानाला लावती आणि वरडून मला सांगती. दोस्ताशी बोलायला मधी माणूस कशाला?

हितं थंडी हाय. काल तुझ्या नजीराभाभीनं दोन वाकळा दिल्या, तरी हात गार. तवा द्रासची याद आली. सगळी पलटण पंजाबी नि मद्रासी, आणि त्यात कोल्हापूरची बोली बोलणारे आपण दोघंच. तू ट्रक चालवायचास, मी वर्कशॉपला. तुझ्या आईनं पाठवलेली कांदा-लसणीची चटणी डब्याच्या मटणात घालून तू रस्सा केलतास, आणि सरदारजीच्या डोळ्यांतनं पाणी काढलंतंस. आठवतंय न्हवं?

आठवत असंल तर लिही. रागावला असशील तर शिव्या लिही. पण लिही.

तुझा
रफिक


उचगाव
१५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय रफिकचाचांना,
सप्रेम नमस्कार.

मी क्रांती, सयाजीमामांची सून. आमच्या लग्नात तुम्ही आला होता आणि मामांच्या शेजारी बसून जिलेबीवरून भांडला होता, एवढं मला आठवतं.

मामा बरे आहेत. हात थरथरतो, म्हणून लिहिणं बंद आहे. दुसरं काही नाही. तुमचं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यातल्या भज्यांपर्यंत मी पोचले तेव्हा मामा इतके हसले की शेजारच्या तानाबाई कुंपणाशी येऊन विचारून गेल्या, काय झालं म्हणून. शालूआत्या गेल्यापासून घरात असं हसणं झालं नव्हतं. त्यासाठी तुमचे आभार मानते.

तुम्ही वर्कशॉपचे, म्हणून एक विचारू का? आत्यांनी हौसेनं घ्यायला लावलेली जुनी पेट्रोल गाडी अजून आमच्याकडे आहे. मी गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत ओतीव माल तपासायला असते, तिथं रोज तीच घेऊन जाते. गेल्या काही आठवड्यांपासून तिच्यातलं हिरवं कूलंटचं पाणी कमी होतंय. रेडिएटरला जोडलेली बाटली मी भरते, दोन दिवसांनी बघावं तर तळाला. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या ऋतुराजनं मन लावून बघितलं. रेडिएटरचं झाकण बदललं, पंप लावून दाब दिला, काटा जागचा हलला नाही. "वहिनी, कुठंच गळत न्हाय. गाडी झक्कास हाय," म्हणाला. पैसेसुद्धा घेतले नाहीत.

आमचे आदर्श पुण्याला नोकरीला, शनिवारी येतात. ते म्हणतात, विकून टाकू. पण मामा रोज संध्याकाळी फडकं घेऊन ती गाडी पुसतात. पुसून झालं की चाकाशी बसतात थोडा वेळ. तेवढी एकच गोष्ट ते अजून स्वतःहून करतात. गाडी गेली तर संध्याकाळी ते काय करतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून दोष सापडायला हवा.

आपली
क्रांती


राधानगरी
२१ फेब्रुवारी २०२५

चि. क्रांतीस,
चाचाचे आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र वाचून मी उठून उभाच ऱ्हायलो. नजीरा म्हणाली, "काय, परत भरती झालासा का काय?" कैक वर्सांनी कुणीतरी मला गाडीचं दुखणं विचारलंय!

ध्यान देऊन वाच. इंजिनाचं पाणी कमी व्हायला वाटा थोड्याच. भाईर गळतंय, न्हायतर आत तेलात मिसळतंय, न्हायतर पेट्रोलबरोबर जळून धुरावाटं जातंय. ऋतुराजनं भाईरचं बघितलं, शाणा पोरगा हाय. आता तू आतलं बघ. तेलाची पट्टी काढ. तेल काळं असलं तर भिऊ नको, पण ताकासारखं पांढरट असलं तर मला लगीच कळव. सकाळी गाडी चालू केल्यावर मागनं पांढरा धूर किती वेळ येतोय ते बघ. इंजिन पार गार असताना झाकण काढून चालू कर आणि बुडबुडे येत्यात का बघ. गरम इंजिनाचं झाकण कवाच उघडायचं न्हाय, तोंड भाजंल. ड्रायव्हरशेजारच्या पायाखालची सतरंजी वली लागती का, हात लावून बघ. आणि गाडी उभी केली की खाली कोरडा पुठ्ठा सरकव. थेंब पडला तर कुठं पडतोय ते पुठ्ठा सांगंल.

आता मामाला हे वाचून दाखव. सयाज्या, जोझिलाच्या घाटाच्या अलीकडं तुझ्या ट्रकचा रेडिएटर फुटलाता आणि मी म्हटलंतं, आता ऱ्हायलो हितंच. तू काय केलंस? तुझ्या आईनं दिलेली हळदीची पुडी सोडलीस आणि सगळी हळद रेडिएटरात वतलीस. भोक बुजलं! मुक्कामापतूर गाडी गेली, आणि सगळ्या वाटंला लग्नघरासारखा वास. वर्कशॉपच्या साहेबानं झाकण उघडून बघितलं, आत पिवळं धम्मक. "ये क्या पकाया है?" म्हणाला.

पोरी, तुझ्या गाडीत मातूर हळद घालू नको.

चाचा


उचगाव
९ मार्च २०२५

आदरणीय रफिकचाचा,
नमस्कार.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. कारखान्यात करते तसंच, एकेक तपासून. तेल स्वच्छ आहे. पांढरा धूर नाही. बुडबुडे नाहीत. सतरंजी कोरडी. ऋतुराज म्हणतो, इंजिनातली हेडची गॅस्केट गेली असती तर ह्यातलं एक तरी दिसलं असतं.

पुठ्ठ्याचं मात्र विचित्र आहे. कधी कोरडा ठाक. कधी पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्याखाली, हिरवा एकच थेंब. पण एका थेंबानं बाटली कशी रिकामी होईल?

हळदीची गोष्ट वाचली तेव्हा मामा म्हणाले, "आगं, सरदारनं वास घेतला नि म्हणला, मीठ कमी हाय!" मग सगळा किस्सा त्यांनी सांगितला. तुम्ही लिहिला नव्हता तेवढाही. घाटातली वळणं, कुठं दगड होते, कुणाच्या ट्रकवर काय लिहिलं होतं, सगळं. मी तोंडाकडं बघत राहिले. त्या वेळचं इतकं लख्ख आठवतं त्यांना.

मग थट्टेनं मला विचारलं, "रफिकची रजा मंजूर झाली का?" मी म्हटलं, झाली.

बाकी ठीक आहे. इथं ऊन वाढलंय, तरी मामांना घोंगडं हवं असतं. म्हातारपणी थंडी वाजत असेल. आत्यांचं जुनं होतं ते मी काढून दिलं.

आपली
क्रांती


राधानगरी
१४ मार्च २०२५

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

रोजे चालू हैत, दुपारी डोस्कं चालत न्हाय, म्हणून इफ्तारीनंतर लिवतोय.

थेंब पडतोय त्या कोपऱ्यात पाणी काढायचा कॉक असतोय. त्यो सैल हाय का बघ. आणि आता एक मोठी परीक्षा. गाडीचं पाणी चालताना कमी होतंय का उभी असताना, हे शोध. बाटलीवर पेनानं रेघ मार. कामावर जाताना बघ, आल्यावर गार झाली की बघ, आणि परत सकाळी बघ. माणसाचा ताप कवा चढतोय हे कळल्याबिगर डॉक्टर औशिद देत न्हाय, तसंच हे.

आणि सयाजीला म्हणावं, स्वतःच्या हातानं दोन वळी लिही. अक्षर वाकडं आलं तरी चालंल. त्याचं सरळ अक्षर तरी कुठं वाचता यायचं!

चाचा


उचगाव
२४ मार्च २०२५

आदरणीय रफिकचाचा,
नमस्कार.

कॉक घट्ट आहे. फक्त, आसपास सगळीकडं धूळ आणि त्याचं डोकं मात्र स्वच्छ, हात फिरवल्यासारखं.

दोन दिवस मी गाडी घेऊन माहेरी कागलला गेले होते. तिथं उभी होती, फिरलीही बरीच. पाणी रेघेवरून हललं नाही. घरी आले, आल्यावरही रेघेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली रिकामी. पुन्हा भरली, कामावर गेले, आले, रेघेवर. सकाळी रिकामी. म्हणजे चालताना जात नाही, उभी असताना जातं. तेसुद्धा फक्त आमच्या दारात. आणि पुठ्ठा कोरडा! आमच्याकडं ओतीव मालात दोष असला की कुठंतरी खूण राहतेच. इथं खूणच नाही.

तुम्ही विचाराल म्हणून लिहिते, बाहेरचं कुणी येत नाही. दिवस मावळायच्या आत फाटक लावते. त्यानंतर गाडीजवळ मामाच असतात, फडकं घेऊन. मी स्वयंपाकात.

मामा तुमच्यासाठी कागद घेऊन बसले होते. "रफिक" एवढं लिहिलं. मग बराच वेळ पेन तसंच धरून बसले, आणि मला म्हणाले, "शालू, हे तू पुरं कर." हात थरथरत होता.

आपली
क्रांती


राधानगरी
२९ मार्च २०२५

पोरी क्रांती,

हे पत्र पोचायच्या आत मुबशिरा तुला फोन करंल आणि सयाजीच्या खाटंखाली बघायला सांगंल. का, ते हितं लिवतो. मधल्या माणसाकडनं सांगायची ही गोष्ट न्हाय.

तुझ्या गाडीचं पाणी गळत न्हाय. ते काढलं जातंय. सयाजी काढतोय.

द्रासला रातचं पाणी इंजिनात ठेवायचं नसतंय. गोठलं की पाणी फुगतंय, आणि आतनं लोखंड फोडतंय. तू लोखंडातली हैस, तुला जास्त सांगायला नको. त्या काळात आमचा नेम ठरल्याला. दिवस मावळला की ड्रायव्हरनं खालचा कॉक उघडायचा, पाणी डब्यात धरायचं, एक थेंब वाया घालवायचा न्हाय. डबा बराकीत न्यायचा, खाटंखाली ठेवायचा, वर घोंगडं टाकायचं. सकाळी तेच पाणी तापवून वतायचं, तवा कुठं गाडी निघायची.

घोंगडं तू लिवलंतंस तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. काल तुझं पत्र वाचलं आणि मी कागद खाली ठेवला. नजीरानं विचारलं, काय झालं. मी कागद उचलून परत पहिल्यापासनं वाचला.

तू म्हणतीस हात थरथरतोय. थरथरत असंल. पण शालूला जाऊन दोन वर्सं झाली, आणि सयाजी तुला शालू म्हणतोय. पोरी, मला सगळं सांग. मी त्याचा दोस्त हाय, पावणा न्हवं.

एक लक्षात ठेव, ते हिरवं पाणी विषारी असतंय, आणि चवीला गोड. आधी ते घरातनं भाईर काढ. मागनं मला लिही.

चाचा


उचगाव
५ एप्रिल २०२५

आदरणीय रफिकचाचा,

मुबशिराचा फोन आला तेव्हा मी पाडव्याची गुढी उतरवत होते. तशीच मामांच्या खोलीत गेले. खाटेखाली, भिंतीकडच्या बाजूला, तेलाचे रिकामे डबे, दुधाची किटली, आत्यांचा लोणच्याचा सट, सगळ्यांत हिरवं पाणी. भरून ओळीनं ठेवलेलं. आणि त्यावर घोंगडं, कडा आत दुमडून. तान्ह्या पोराला पांघरूण घालतात तसं. बाहेर चैत्राचा जीव काढणारा उकाडा, चाचा, आणि ह्या खोलीत कुणीतरी बर्फापासून पाणी जपून ठेवलेलं. मी खाली जमिनीवर बसले आणि रडले.

कुणी प्यालं नाही, देवाची कृपा. सगळं बाहेर काढलं. भांडी टाकून दिली.

आता खरं लिहिते. वर्षभर मामा विसरतायत. आधी नावं, मग वाटा. एकदा चहाला म्हणून बाहेर पडले आणि सरनोबतवाडीला सापडले. डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत, त्या आजार थांबवत नाहीत. आदर्श म्हणाले, चाचांना कळवू नको, दोस्तासमोर बाबांची मान खाली जाईल. मलाही ते पटलं होतं.

पण पुढं काय करू? त्या संध्याकाळी मी त्यांना थांबवलं. हात धरला. म्हटलं, "मामा, हे उचगाव आहे, इथं बर्फ पडत नाही." त्यांनी हात झटकला. इतके कधी ओरडले नव्हते. "इंजान फुटंल! सकाळी माल कोण न्हेणार? वर पोरं उपाशी हैत!" तानाबाई धावत आल्या. मग मामा गाडीच्या चाकाला धरून उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. शेवटी आदर्शनी उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी, कॉकाशी हात पोचू नये म्हणून, ते बोनेटला कुलूप बसवून गेले. मामा कुलपाशी खटपट करत बसतात, नखांतून रक्त येईपर्यंत.

आदर्श म्हणतात, गाडी विकू, म्हणजे प्रश्नच मिटेल. जोतिबाची यात्रा झाली की गिऱ्हाईक बघायला येणार आहे. मला वाटतं, गाडी गेली तरी मामा संध्याकाळी ती जागा शोधत बसतील. पण माझ्याकडं दुसरं उत्तर नाही. तुमच्याकडं आहे का?

क्रांती


राधानगरी
१० एप्रिल २०२५

चि. क्रांतीस,

सयाजीच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी हाय, तू बघितली असशील. ती कशी गेली म्हणून सांगितलंय त्यानं घरात?

सांगितलं काहीही असंल, मी खरं सांगतो. एका हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं आणि सगळा ताफा उशिरा पोचला. पोरांची बोटं लाकडावानी झाल्ती, दोघं तर गाडीतच बसून रडत हुते. सयाजी म्हणला, "तुमी जावा आत, शेकत बसा. मी बघतो." आणि एकट्यानं सगळ्या ट्रकांचं पाणी काढलं. लोखंडाचा कॉक, उघडा हात. हातमोजा घातला की कॉक पकडता येत न्हवता. मी डबे व्हायला हुतो. दर गाडीला म्हणायचा, "रफिक, एवढी एक." सकाळी सगळ्या गाड्या चालू झाल्या. एकाचंबी इंजिन फुटलं न्हाय. वरच्या चौकीवर रेशन पोचलं. करंगळी मातूर काळी पडली, ती डॉक्टरनं काढली. साहेबानं शाबासकी दिली तवा ह्यो बाबा लाजून माझ्यामागं लपलाता.

आता बघ, त्याचं सगळं पुसत चाललंय आणि हे ऱ्हायलंय. तुम्हाला वाटतंय, गाडी बिघडवतोय. त्याच्या लेखी त्यो तुझी गाडी वाचवतोय, पोरी. तू सकाळी कामाला जाणार, तुझं इंजिन फुटू नये म्हणून. अशा माणसाला कुलूप दाखवलं तर त्यो काय करंल? नखं तोडून घेईल. फौजेतला सयाजी तसाच हुता.

त्याला "बर्फ न्हाय" म्हणून सांगू नको. त्याला बर्फ दिसतोय. त्याला सांग, काम झालंय. आमच्यात रिवाज हुता. पाणी काढलं की ड्रायव्हर हवालदारापुढं ताठ उभा ऱ्हायचा आणि सांगायचा, "सब गाडी का पानी निकाला, साब." हवालदार म्हणायचा, "ठीक है, आराम करो." तवाच बूट काढायचे. शेवटी शेवटी सयाजीच हवालदार झालाता. त्याला कुणी येऊन सांगितलंच न्हाय, तर त्यो झोपंल कसा?

दिवस मावळायच्या आधी तू जा त्याच्याकडं. सुनंवानी न्हवं, जवानावानी. साध्या पाण्यानं भरल्याला एक डबा हातात घे, त्यो त्याला दाव, त्याच्यासमोर खाटंखाली ठेव, घोंगडं टाक. बघ काय होतंय. चाललं तर चाललं. न्हाय चाललं तर मी येतो, मग माझे कान गेले तरी तोंड हाय अजून.

आदर्शला म्हणावं, गिऱ्हाइकाला एवढ्यात बोलवू नको. चाचानं सांगितलंय.

रफिक


उचगाव
४ मे २०२५

आदरणीय रफिकचाचा,
सप्रेम नमस्कार.

करंगळी लहानपणी उसाच्या चरकात सापडली, असं मामांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आत्यांनासुद्धा. तुमचं पत्र आदर्शनी दोनदा वाचलं.

पहिल्या दिवशी मला फार अवघडल्यासारखं झालं. साडीचा पदर खोचला, डब्यात नळाचं पाणी भरलं आणि अंगणात मामांच्या पुढं जाऊन उभी राहिले. ते कुलपाशी बसले होते. मी म्हटलं, "सब गाडी का पानी निकाला, साब." आवाज इतका बारीक आला की त्यांना ऐकूच गेलं नाही. मग जोरात म्हटलं. रस्त्यावरून चाललेला दूधवाला थांबला.

मामांनी वर बघितलं. डब्याकडं बघितलं. उठायला वेळ लागला, पण उठले, आणि सरळ उभे राहिले. मी त्यांना इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "सब?" मी म्हटलं, "सब, साब." म्हणाले, "ठीक है. आराम करो." आणि स्वतःहून आत आले. जेवले. झोपले. सकाळी बाटली रेघेवर.

रोज असंच होतं असं नाही. दोनदा त्यांनी मला ओळखलं, "क्रांती, काय खुळ्यावानी करत्यास?" म्हणाले, आणि मग मला हसू आवरेना. एकदा कशानंच ऐकलं नाही, तेव्हा मी पक्कड आणून त्यांच्याबरोबर कॉकाशी बसले, एक वाटीभर काढू दिलं आणि म्हटलं, झालं. कुलूप काढून टाकलंय. ऋतुराजला सगळं सांगितलं. तो आता येता जाता फाटकातून सलाम ठोकतो.

आदर्शना हे नाटक वाटत होतं. मागच्या शनिवारी मी कामावरून उशिरा आले, तर अंगणात तेच उभे, हातात डबा, पायांत पुण्याचे बूट. मी फाटकातच थांबले. मामांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास. नवीन हैस न्हवं? हात शेकून घे जा." आदर्श आत येऊन मोरीत तोंड धूत राहिले, बराच वेळ. मला एवढंच म्हणाले, "माझ्या बारावीच्या निकालालासुद्धा बाबांनी शाब्बास म्हटलं नव्हतं." गिऱ्हाइकाला त्यांनीच नको म्हणून कळवलं.

मामांना तुमच्याकडं आणायचं ठरवलंय. अठरा तारखेला, रविवारी. त्यांना प्रवास झेपेल ना, तुम्हाला ते ओळखतील ना, ह्याची भीती वाटते. पण नंतर कधी म्हणून पुढं ढकलायचं?

आपली
क्रांती


राधानगरी
२६ मे २०२५

चि. क्रांतीस,
चाचा आणि नजीराचाचीचे आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा निरोप मुबशिरानं दिला. गाडी वाटंत गरम झाली न्हाय हे ऐकून बरं वाटलं.

त्या दिवशी तू विचारलंस, "चाचा, वळखलं का मामांनी?" आणि मी मान हलवली. तवा सगळी जेवायला बसल्याली, बोलायची सोय न्हवती. आता लिवतो.

तुम्ही सगळी रिक्षानं धरण बघायला गेलासा, आणि आम्ही दोघं परसात फणसाखाली खुर्च्या टाकून बसलो. त्यो झाडावरचं फणस मोजत हुता. मग मला म्हणला, "पावणं, तुमी कुठलं?" मी म्हटलं, हितलाच. मला लागलं, खोटं कशाला सांगू. चाळीस वर्सं ज्याला पत्रं लिवली, त्यो मला पावणं म्हणतोय. पण सयाजीचा आवाज अजून तसाच हाय बघ, खणखणीत. साऱ्या दुनियेत त्याचं एकट्याचं बोलणं मला कानाच्या मशिनीबिगर ऐकू येतंय. म्हणून म्हटलं, बोलू दे.

म्हणला, "मी फौजेत हाय. द्रासला." मी म्हटलं, "लई थंडी असंल." म्हणला, "थंडीचं काय न्हाय. जोडीदार चांगला पायजे. माझा एक हाय, रफिक. राधानगरीकडचा. वर्कशॉपचा. सारखा गाडीखाली पडल्याला असतोय, तोंड कवा दिसत न्हाय, नुसतं पाय दिसत्यात." आणि मग त्यानं माझी सगळी गोष्ट मलाच सांगितली. मला ताप आलता तवा त्यानं आपलं घोंगडं माझ्यावर टाकलंतं, हे मी विसरलोतो. नजीराची पहिली चिठ्ठी आली तवा मी ती बर्फात उभा ऱ्हाऊन वाचली आणि माझं कान लाल झालं, हेबी त्यानं सांगितलं. नजीरा मागं चहा घेऊन उभी हुती. म्हातारी लाजली, खरंच सांगतो.

कितीतरी बोलला. मी मधी तोंड घातलं न्हाय. माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोलताना मी जन्मात ऐकलं न्हवतं, आणि आता ऐकू येत न्हाय तवा ऐकायला मिळालं.

शेवटी मी विचारलं, "मग आता कुठं असतोय ह्यो तुमचा रफिक?"

सयाजीनं चहा पिऊन कप खाली ठेवला. तुझी गाडी परसाच्या कडंला उनात उभी हुती, तिच्याकडं बघितलं.

"हितंच हाय की," म्हणला. "गाडीखाली असंल."

तुझा चाचा
रफिक